त्यांच्या आठवणी, माझं अक्षर

माझ्या नवऱ्याने दाढी करणं सोडलं तेव्हा मला वाटलं, उन्हाळा आहे, कंटाळा आला असेल. मग त्यांचं पेपर वाचणं सुटलं. मग संध्याकाळी खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसणं सुटलं. आंघोळीसाठी मागे लागावं लागायचं. कारण म्हणावं असं काही घडलं नव्हतं. पेन्शन वेळेवर येत होती, मुलगी जवळच राहत होती, गुडघे सोडले तर दुखणं नव्हतं. फक्त हात थरथरायचे, तेही बऱ्याच वर्षांपासून.

एके सकाळी मी त्यांना उठवायला गेले. ते जागेच होते, पंख्याकडे बघत पडले होते.

"काहून उठू?" त्यांनी विचारलं.

"चहा झाला आहे. चहा घ्या, आंघोळ करा."

"मंग?"

"मग जेवा."

"मंग?"

ते चिडून विचारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी खिडकीचा पडदा सरकवला आणि स्वयंपाकघरात गेले.

मुलगी इथेच नागपुरात, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. तिने सुट्टी घेतली आणि आम्हाला रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयाने मुलीएवढेच असतील. त्यांनी गोळ्या दिल्या आणि एक पातळ पुस्तिका दिली. म्हणाले, औषधासोबत हेही करून बघा. ज्येष्ठांसाठी आहे. घरीच बसून करायचं, आपल्या आयुष्याकडे मागे वळून बघायचं, पुस्तिकेत प्रश्न आहेत त्यांची उत्तरं लिहायची. दर आठवड्याला आमच्याकडची एक मुलगी फोन करील, अडलं तर ती मदत करील.

पुस्तिकेत आयुष्याचे भाग पाडले होते. लहानपण, शाळा, तरुणपण, नोकरी, लग्न आणि संसार, दुःखाचे प्रसंग, आणि शेवटी आज. प्रत्येक भागात थोडे प्रश्न आणि खाली आखलेल्या ओळी. लहानपणच्या घरात सकाळी कसला वास यायचा? तुमच्यासाठी कोणी मुद्दाम काही केलं, असा एखादा दिवस आठवतो का?

गाडीत मुलगी म्हणाली, "बाबांचा हात थरथरतो. आई, तू लिही."

असं मी लिहायला लागले.

पहिल्या आठवड्यात त्यांनी एकच वाक्य सांगितलं. "सारं वाया गेलं. लिही." मी लिहिलं. फोनवर ते मी त्या मुलीला वाचून दाखवलं तेव्हा मला लाज वाटली, जसा काही मीच अभ्यास केला नव्हता. पण ती म्हणाली, "असू द्या काकू, खोडू नका." मग तिने त्यांना फोन द्यायला सांगितला. मी स्पीकर चालू केला.

"काका, सगळं कसं गेलं ते नका सांगू. एकच दिवस सांगा. लहान असतानाचा. तुम्ही कुठे होतात, समोर काय दिसत होतं, एवढंच."

मला वाटलं आता फोन माझ्या हातात देतील. मग ते म्हणाले, "तान्हा पोळा होता."

त्यांच्या वडिलांनी त्यांना लाकडाचा बैल करून दिला होता. विकतचा नाही, स्वतः तासलेला. एक शिंग आखूड झालं होतं, आणि ते आखूड शिंग लपावं म्हणून वडिलांनी त्यावर लाल कापडाची चिंधी गुंडाळली होती. मिरवणुकीत दुसऱ्या पोरांचे बैल रंगवलेले, चाकांवर चालणारे. यांचा बैल दोरीने ओढला की आडवा पडायचा. "मी त्याले उचलून घेतलं," ते म्हणाले, "आन् पोटाशी धरून पूर्ण गाव फिरलो." हे सांगताना त्यांनी दोन्ही हात पोटाशी धरले होते.

त्या दिवशी त्यांनी चहा मागून घेतला. मी आमच्या मुलीला फोन करून हे सांगितलं, तर ती रडायला लागली.

नोकरीच्या भागात तर धरणच फुटलं. ते जमिनीखालचं खनिज शोधणाऱ्या सरकारी खात्यात सर्व्हेअर होते. वर्षातले आठ-नऊ महिने तंबूत. चंद्रपूरकडे, गडचिरोलीच्या जंगलात, कधी पार बालाघाटकडे. पावसाळ्यात काम थांबलं की घरी. माझ्या लग्नाची पंचवीस वर्षं अशी गेली, आणि त्या पंचवीस वर्षांत ते घरी आल्यावर कॅम्पबद्दल फार बोलले नव्हते. आता बोलायला लागले. तंबूच्या कॅनव्हासचा पहाटेचा ओला वास. मोहाची फुलं खायला आलेलं अस्वल, आणि त्याला बघून झाडावर चढलेला स्वयंपाकी. जमिनीत खोल भोक पाडणारं ते ड्रिलिंगचं मशीन, आणि त्यातून वर येणारी दगडाची लांब कांडी. "ओली असते वं ती. चमकते. पृथ्वी झाली तवापासून त्या दगडाले कोणी पाह्यलं नव्हतं. पह्यल्यांदा आमीच."

मी लिहीत होते. पुस्तिकेच्या ओळी पुरेनात, मुलीने फुलस्केप कागद आणून दिले. दुपारी जेवणं झाली की ते पलंगावर टेकून बसायचे आणि मी खुर्चीत. त्यांचा आवाज परत आला होता. मधेच हसायचे. मला आनंद होत होता, तो खोटा नव्हता. पण लिहिता लिहिता हात थांबायचा. ते ज्या पहाटेचं सांगत होते, त्या पहाटे मी इथे नंदनवन वस्तीतल्या दोन खोल्यांत होते. नळाला पाणी आलं की हंडे भरत होते. सासूबाईंना दमा होता, त्यांना शेक देत होते. ते त्या ओल्या दगडाला हात लावत होते त्या वर्षी आमच्या घराचं छत गळत होतं, आणि मी शिडीवर चढून छपराचे कवेलू फिरवले होते. हे कुठे लिहायची सोय नव्हती. पुस्तिका त्यांची होती.

आणि माझं मलाही आठवायला लागलं होतं, कोणी न विचारता. मी भिवापूरची. आमच्याकडे मिरचीचा हंगाम आला की बायका मिरच्यांचे देठ खुडायला जायच्या, माझी आईही जायची. दिवसभर मिरचीत हात घातले की संध्याकाळी हातांची आग होते, आणि ते हात कोणाच्या तोंडाला लागले तर त्याचीही. म्हणून त्या महिन्यांत आई आम्हाला हाताने जवळ घेत नसे. कोपराने घ्यायची. कोपरात मान दाबून धरायची, हात दूर हवेत ठेवून. भाजी निवडताना मला हे आठवलं आणि मी सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी तशीच ठेवून उठले. त्यांना सांगायला खोलीत गेले. ते म्हणाले, "बस, बस. त्या बालाघाटच्या कॅम्पचं राह्यलं." मी कागद घेतला.

मग लग्न आणि संसार हा भाग आला. प्रश्न साधा होता. संसारातला एक आनंदाचा दिवस.

मी पेन घेऊन बसले होते. खोटं कशाला सांगू, मी त्या दिवशी केस नीट बांधले होते.

त्यांनी विचार केला. मनापासून केला, ते मला दिसत होतं. कपाळावर आठ्या घालून ते शोधत होते. शेवटी म्हणाले, "तू सांग ना वं. तुले आठवत असन."

"हे तुमचं पाहिजे."

"माह्यापाशी काही नाही. मी होतोच कुठी?" ते म्हणाले. मग मला वाईट वाटेल असं त्यांच्या लक्षात आलं असावं. "असं लिही. बायकोनं घर चांगलं सांभाळलं."

निवृत्तीच्या निरोपसमारंभात बोलतात तसं वाक्य होतं ते. मी लिहिलं. माझ्या अक्षरात, माझ्याबद्दल. खाली ओळी रिकाम्या राहिल्या.

त्या आठवड्यात फोनवर ती मुलगी म्हणाली, "छान काका. पण एक दिवस सांगा ना, जसा पोळ्याचा सांगितला." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "हिले विचारा." ती हसली. "नाही नाही, काकूंचं नको, तुमचंच हवं." ती चुकीचं काही बोलली नव्हती. तिचं काम ते होतं. तेवढ्यात तिला दुसरा फोन आला आणि तिने पुढच्या आठवड्याची वेळ ठरवली.

पुढचा भाग दुःखाच्या प्रसंगांचा होता. त्याआधी तिने दोघांनाही समजावलं होतं की याची घाई नको, वाटलं तरच बोला, नाहीतर सोडून द्या. पण ते तयार होते. आता त्यांना बोलायची सवय झाली होती. त्यांनी वडिलांचं जाणं सांगितलं. मशीनवर काम करणारा त्यांचा एक सोबती साइटवरच्या अपघातात गेला होता, तेही सांगितलं, आणि त्याच्या गावी निरोप घेऊन हेच गेले होते, तो सगळा रस्ता सांगितला. सांगताना डोळे पुसले. मी लिहिलं. मग ते थांबले, आणि म्हणाले, "झालं. पुढचं पान."

मी पान उलटलं नाही. "आणि आपली पहिली?" मी म्हणाले.

आमच्या दोघांत तिचं नाव किंवा तिचा विषय एवढ्या वर्षांत निघाला नव्हता.

"ते तुह्यं आहे," ते म्हणाले. "मी नव्हतो."

"बाप होते तुम्ही तिचे."

"होतो ना. मी नाही म्हणतो का? पण मी पाह्यलं का? मी आलो तवा सारं होऊन गेलं होतं."

खरं होतं ते. साडेतीन वर्षांची होती ती. भर उन्हाळ्यात ताप आला, दुपारपर्यंत डोक्यात गेला. शेजारच्या बाईला सोबत घेऊन मी तिला सायकलरिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. रिक्षातच तिला झटके यायला लागले. ओल्या पंच्याने मी तिचं अंग पुसत होते, आणि पंचा वाळत होता, एवढं ऊन. दवाखान्यातल्या लोकांनी मला बाहेर बसवलं. तार केली होती, पण कॅम्प पुढे हलला होता, तार जुन्या जागी गेली. ते आले तेव्हा तिला पुरून झालं होतं. दारात ट्रंक ठेवली आणि शेजाऱ्यांना जागा विचारून ते एकटेच स्मशानघाटावर गेले. परत आले, जेवले, झोपले. रजा संपली तेव्हा कॅम्पवर गेले. मी त्यांना डबा बांधून दिला होता. त्यात रागही नव्हता. आम्हाला दोघांनाही काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून रोजचं करत राहिलो.

त्यानंतर सासूबाईंनीच मला वस्तीतल्या बालवाडीत कामाला पाठवलं. म्हणाल्या, लेकरांत राहशील तर जीव रमेल. मी गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. दुसरी मुलगी झाली, मोठी झाली, शिकली. पण बालवाडीतली मुलं मोठी होत नसत. दर जूनमध्ये नवी यायची, पुन्हा त्याच वयाची. त्यांचे शेंबूड पुसले, वेण्या घातल्या, चिवडा भरवला. जीव रमला की नाही मला माहीत नाही. वर्षं गेली.

हे सगळं मी त्या दुपारी त्यांना सांगितलं. लिहिलं नाही, नुसतं सांगितलं. रिक्षा, पंचा, दवाखान्याचा व्हरांडा. ऐकता ऐकता ते म्हातारे होत गेल्यासारखे दिसले. मग अगदी हळू म्हणाले, "कशी होती वं ती? मले तिचं तोंड आठवत नाही. खरं सांगतो, लई वर्षांपासून नाही आठवत. तू सांग."

त्यांना राग येईल म्हणून, की मला येईल म्हणून, ते इतकी वर्षं हे विचारायचं टाळत होते, कोण जाणे. फोटो नव्हता. तेव्हा फोटो म्हणजे स्टुडिओत जायचं, आणि ते पावसाळ्यात घरी आले की तिघांनी जायचं ठरलं होतं.

मी सांगायला लागले. "तुमच्यासारखीच सावळी. केस कुरळे. नाक असं बसकं, आणि हसली की..."

आणि मी थांबले. ते बसकं नाक तिचं नव्हतं. ते बालवाडीतल्या एका पोरीचं होतं, तिचा बाप हमाली करायचा, ती मला चांगली आठवते. मी डोळे मिटले. कुरळे केस दिसले, पण तेही दुसऱ्या कोणाचे. एकामागून एक चेहरे येत होते, सगळे साडेतीन वर्षांचे, सगळे माझ्याकडे बघणारे. त्यांच्यात ती कुठे होती ते मला ओळखता येत नव्हतं. मी तिला आठवणीत जपून ठेवलं आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. कोणी विचारलं नाही म्हणून उघडून बघितलं नव्हतं, एवढंच. तिचं वजन आठवत होतं, मांडीवरचं. अंगाची ती भट्टी आठवत होती. तोंड नव्हतं.

"सांग ना," ते म्हणाले.

"नाही आठवत," मी म्हणाले.

त्यांना वाटलं, मला रडू येत आहे म्हणून मी थांबले. ते म्हणाले, "राहू दे, राहू दे." मला रडू येत नव्हतं. जगात तिला पाहिलेले आम्ही दोघंच उरलो होतो, आणि दोघांकडेही ती नव्हती.

ते पान तसंच राहिलं. फोनवर त्या मुलीला त्यांनी एवढंच सांगितलं की एक गोष्ट आहे, पण लिहायची नाही. ती म्हणाली, चालेल काका, प्रत्येक पान भरलंच पाहिजे असं नाही.

शेवटी तिने फोनवर त्यांना काही प्रश्न विचारले, सुरुवातीला विचारले होते तेच. झोप येते का, भूक लागते का, जगणं नकोसं वाटतं का. उत्तरं बदलली होती. ते आता रोज सकाळी चौकात जातात. तिथे तर्री-पोह्यांच्या ठेल्यापाशी निवृत्त लोकांचा घोळका असतो, त्यांना ते अस्वलाची गोष्ट सांगतात. दाढी करतात. मुलीने संत्रा बर्फी आणली आणि मला मिठी मारून म्हणाली, "आई, हे तुझ्यामुळे झालं." जावई म्हणाले, "आईंची कमाल आहे." मी बर्फी सगळ्यांना दिली.

माझं काय होत होतं ते मला लगेच कळलं नाही. दुधाकडे बघत उभी राहायचे आणि दूध उतू जायचं. शेजारणीने भिशीला बोलावलं, मी अंग दुखतं म्हणाले. मग दारावरची बेल वाजली तरी उठवेना. दुपारी ती खुर्ची दिसली की छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. मुलीला फोनवर म्हणाले, "मला बरं वाटत नाही गं." ती म्हणाली, "बीपीची गोळी घेतलीस का?" मी घेतली होती. "मग थकली असशील. तू तर आमच्यात सगळ्यांत खंबीर आहेस." तिच्यावर मी रागावले नाही. तिला मी तसंच दाखवत आले होते.

त्यांच्या पुढच्या तपासणीला मी सोबत गेले. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "कसे आहात?" ते म्हणाले, "एकदम मस्त." डॉक्टर खूश झाले आणि कागदावर लिहायला लागले. मी म्हणाले, "डॉक्टर, मला बोलायचं आहे." नवरा माझ्याकडे बघायला लागला, जसा काही दुसराच कोणी माणूस बोलला होता.

डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. मी काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकत होते. मलाही गोळ्या दिल्या. परिणाम व्हायला वेळ लागेल, मधेच सोडू नका म्हणाले. तीच पुस्तिकाही दिली, नवी कोरी.

आता ती मुलगी मला फोन करते. तिला वाटलं असेल मला याची सवय आहे, माझ्याकडून पटापट होईल. मी तिला म्हणाले, "बाई, मला जो दिवस हवा आहे त्यातलं माणूसच मला दिसत नाही." ती म्हणाली, "काकू, यावर काय बोलावं ते मला खरंच कळत नाही. मी आमच्या मॅडमना विचारून सांगते." एवढं खरं बोलली म्हणून मी पुढच्या आठवड्यात फोन उचलला. त्याच्या पुढच्या आठवड्यात नाही उचलला.

नवऱ्याला काही तरी करायचं असतं. एकदा पुस्तिका घेऊन माझ्यासमोर बसले, "सांग, मी लिहितो" म्हणाले. थरथरत्या हाताने तारीख घालायलाच इतका वेळ लागला की मी उठून गेले. आजकाल ते दुपारी माझ्या पलंगाशी येऊन उभे राहतात. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, तरी ते उभे आहेत ते मला कळतं. कधी म्हणतात, "चहा करू का?" कधी काहीच म्हणत नाहीत. मग पलीकडच्या खोलीत जाऊन जुन्या सोबत्याला फोन लावतात, आणि त्यांचा मोठा, बरा झालेला आवाज मला ऐकू येत राहतो.